सुनेची सायकल

सांगोला,
९ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. आप्पांना श्रीदेवीचा नमस्कार.

काल दुपारी सुखरूप पोचले. शिवराजनं गाडी इतकी जपून चालवली की मंगळवेढ्याच्या पुढं एका बैलगाडीनं आम्हाला मागं टाकलं. आता बाळंतपण होईपर्यंत, म्हणजे फेब्रुवारीपर्यंत, माझा मुक्काम माहेरीच.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलायला आईनं बंदी केलीय. मेसेज तुम्ही उघडत नाही, कारण तुमचं बोट एकावेळी तीन अक्षरांवर पडतं. म्हणून हे पत्र. पोस्टातल्या बाईंनी विचारलं, "शाळेच्या स्पर्धेसाठी हवंय का?" मी म्हटलं, सासऱ्यांना लिहायचंय. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं दोनदा बघितलं.

एक काम आहे. जिन्याखाली माझी सायकल उभी आहे. टायर बारीक आहेत, हवा लवकर उतरते, आणि बिनहवेची उभी राहिली तर टायर चिरतात. उंच पंपानं आठवड्यातून दोनदा हवा भराल का? काटा शंभराच्या जरा खाली थांबवायचा. चेनला दोन थेंब तेल. दुकानातली ही सगळ्यात स्वस्त, पण बांधा शर्यतीच्या सायकलीचा आहे. लॅबमधल्या नोकरीच्या पगारातून मी स्वतःसाठी घेतलेली ही पहिली वस्तू.

आणि आप्पा, काम सुटल्यापासून तुम्ही घरात नुसते बसून असता. एखादी चक्कर मारावीशी वाटली तर मारा. सायकल नाही म्हणणार नाही.

आत्याबाईंना सूनबाईचा नमस्कार. त्यांना सायकलीचं सांगायची गरज नाही.

तुमची
श्रीदेवी

---

नीलम नगर, सोलापूर,
१५ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. श्रीदेवीस बसप्पाचे आशीर्वाद.

पत्र पोचलं. हातानं लिहिलेलं आहे म्हणून पोस्टमन स्वतः दारात थांबून देऊन गेला. मी सातवी पास. लिहायला बसलं की मास्तर आठवून शुद्ध भाषा येते, मधूनच घरची घुसते. सांभाळून घे.

हवा भरली. तेल घातलं. मग तुझी सासू सिद्धेश्वराच्या देवळात गेली होती, तेव्हा सायकल बाहेर काढली. आधी तक्रारी सांगतो. हिला स्टँड नाही. घंटी नाही. मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, मग माणसानं डबा कुठं लावायचा? सीट बघून मला वाटलं वरची गादी चोरीला गेली असेल. हँडल म्हणजे मेंढ्याची शिंगं. सायकल एका हातानं उचलली तर रिकामी पिशवी उचलल्यागत वाटलं, आणि इतक्या हलक्या वस्तूवर आपण बसायचं की तिला खांद्यावर घ्यायचं, असा विचार पडला.

बसलो. पहिलं पायडल मारलं तर सायकल पुढं गेली आणि मी मागं राहिलो. माझ्या काळ्या सायकलीला पायडल मारलं की ती आधी विचार करायची, मग निघायची. चौतीस वर्षं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत तिच्यावरनं गेलो, तिनं कधी घाई केली नाही. ही विचारच करत नाही. नगराला तीन चकरा मारल्या. मान खाली, त्यामुळं रस्ता दिसतो आणि माणसं दिसत नाहीत. दोघातिघांना रामराम घालायचा राहिला, ते आता रागावले असतील. आणि नगरातले सगळे खड्डे मला ठाऊक आहेत असं वाटायचं, पण काळ्या सायकलीनं निम्मे माझ्यापासून लपवून ठेवले होते. हिनं एकूण एक दाखवले, ते पण तळहातात.

तू लिहून चिकटवलेला कागद हँडलवर बघितला, गिअर नीट पडला नाही तर आवाज येतो म्हणून. मला कुठला आवाज. पण पायाच्या तळव्याला बारीक थरथर कळते. कारखान्यात यंत्रमागावर सूत नेणारा धोटा बिघडायच्या आधी अशीच थरथर फळीतून पायात यायची. दोन चकरांत मला गिअर जमले. चढाला हलका गिअर टाकला की गुडघ्याला कुणीतरी मागनं हात दिल्यासारखं वाटतं. हे लई आवडलं. एवढी सोय असताना आमी उगंच आयुष्यभर चढाला उतरून चालत गेलो.

मग मोह झाला आणि एमआयडीसीच्या फाटकापर्यंत गेलो. पाळी सुटायची वेळ. गुरुलिंग आणि मागावरची सगळी पोरं बाहेर येत होती. गुरुलिंग काहीतरी ओरडला. त्याच्या ओठांवरनं कळलं, "बसप्पा, मेंढा घिऊन कुटं निगालास रं?" मी ऐटीत हात वर केला आणि तिथंच गडबड झाली. एका हातानं ब्रेक दाबला तर मागचं चाक नाचायला लागलं. थांबता येईना म्हणून पिंपळाच्या पाराभोवती दोन फेऱ्या मारल्या. लोकांना वाटलं प्रदक्षिणा घालतोय.

आता मान, मनगट आणि बसायची जागा, तिन्ही दुखतात. उद्या परत जाणार आहे.

आशीर्वाद,
बसप्पा

---

सांगोला,
२० नोव्हेंबर २०२४

आप्पा, नमस्कार.

तुमचं पत्र मी आईला आणि आण्णांना मोठ्यानं वाचून दाखवलं. आण्णा डाळिंबाच्या बागेतनं येऊन चिखलाच्या पायांनी ऐकत उभे राहिले. त्यांना पाराची फेरी दोनदा वाचून हवी होती.

आता ऐका. सीट माझ्या मापाची आहे, तुम्ही वीतभर उंच. सीटखालचा नट सैल करून ती वर घ्या. पायडल सगळ्यात खाली असताना गुडघा जरासाच वाकला पाहिजे. मनगट दुखतं कारण तुम्ही हँडल आवळून धरता. शिंगांच्या वरच्या फुगीर भागावर नुसते हात ठेवा, कोपर सैल सोडा. ब्रेक दोन्ही एकदम, हळू. खड्डा आला की सीटवरनं जरा उठायचं. पँटची उजवी मोरी मोज्यात खोचा, नाहीतर चेन ती खाईल.

बसायची जागा आठ दिवसांत सरावते. माझीही अशीच दुखली होती. लॅबमध्ये मी दोन दिवस उभ्यानं काम केलं.

एक गोष्ट मात्र थट्टेची नाही. तुम्हाला मागून येणारी गाडी ऐकू येत नाही. म्हणून हायवेवर जायचं नाही. फक्त नगरात. मला तसं वचन द्या आणि पत्रात लिहून द्या.

इथं माझं काम म्हणजे खाणं आणि पडणं. दारातल्या शेळीलाही माझ्यापेक्षा जास्त फिरायला मिळतं. बाळ पहाटे पाचला लाथा मारतं. बरोबर माझी सायकलची वेळ.

श्रीदेवी

---

सोलापूर,
१ डिसेंबर २०२४

चि. सौ. श्रीदेवीस आशीर्वाद.

सीट वर घेतली. जादूच झाली म्हणायची. आधी मी सायकलवर बसून चवड्यानं चालत होतो, आता खरं पायडल मारतोय. मनगट बरं आहे. बसायची जागा तू म्हणालीस तशी आठव्या दिवशी गप्प झाली.

नगरातल्या नगरात फिरतो. सकाळची थंडी पडलीय. ज्वारी गुडघ्याच्या वर आलीय, तुरीला शेंगा धरल्यात, वारा समोरून असला की पायडल जड जातं आणि येताना तोच वारा पाठीला घेऊन येतो. हात खालच्या शिंगात घालून वाकलं की वारा डोक्यावरनं जातो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, माझं मीच शोधलं.

परवा वळसंगचा मंजुनाथ, तुझ्या सासूच्या मामेभावाचा पोरगा, घरी येऊन सायकल बघून गेला. फोटो पण काढून नेले. सविस्तर पुढं लिहीन. हात जरा दुखतोय म्हणून आवरतं घेतो.

तब्येत जप. गूळ-शेंगदाणे खात जा.

बसप्पा

---

सांगोला,
६ डिसेंबर २०२४

आप्पा, नमस्कार.

नीलम नगरात ज्वारी कधीपासून पिकायला लागली? मी तीन वर्षं तिथं राहते, मला तर नळाची रांग आणि चादरींचे गठ्ठेच दिसले. तुरीच्या शेंगा कुठल्या गल्लीत आहेत तेही कळवा. मी मागितलेलं वचनही तुम्ही लिहून दिलेलं नाही, हे मी बघितलंय.

पण आज मी दुसऱ्याच कारणासाठी लिहितेय. मंजुनाथ सायकलचे फोटो का घेऊन गेला?

ऑगस्टमध्ये मी दिवस राहिल्याचं सांगितलं तेव्हा आत्याबाईंचं पहिलं वाक्य होतं, "आता ती सायकल इकून टाका." पेढ्याच्याही आधी. शिवराज शेजारी बसला होता, त्यानं मोबाइलमधून मान वर केली नाही. तुम्हाला ऐकू आलं नसेल, म्हणून मी तुमच्यावर राग धरला नाही. पण आता तुम्हीच गिऱ्हाईक घरात घेत असाल आणि मला "सविस्तर पुढं" म्हणत असाल, तर मला वाईट वाटतं. मूल झालं की बाईनं काय काय सोडायचं, याची यादी इथं रोज कुणीतरी येऊन मला ऐकवतं. त्या घरात एक माणूस तरी ती यादी वाचत नाही असं मला वाटत होतं.

विकायची असेल तर मला सरळ सांगा. मी फोटोवरून निरोप घेईन.

श्रीदेवी

---

सोलापूर,
११ डिसेंबर २०२४

चि. सौ. श्रीदेवी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. सायकल कुणी विकत नाही. मी जिवंत आहे तोवर तरी नाही. आता खरं लिहितो, ते सायकल विकण्यापेक्षा वाईट आहे.

मी पडलो. नोव्हेंबरच्या अठ्ठावीस तारखेला, कुंभारीच्या अलीकडं. होय, हायवेवर. तुझं पत्र आलं तेव्हा मी आधीच दोनदा कुंभारीला जाऊन आलो होतो आणि मग वचन लिहायला हात उठेना. उसाची ट्रॉली मागनं आली. हॉर्न वाजवलाच असेल त्यानं, मला कुठला. एकदम बाजूला हत्तीएवढं काहीतरी आलं, वाऱ्यानं मी डावीकडं फेकलो गेलो आणि तुरीत पडलो. कोपर सोललं. सायकलचा डावा ब्रेक वाकला, पुढच्या चाकाला आउट आला, ते वाकडं फिरायला लागलं. मंजुनाथचं वळसंगला सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. तसाच ब्रेक मिळतो का बघायला त्यानं फोटो नेले. आता बसवलाय. खूण दिसते, पण चालतो नीट. तुझी वस्तू मी खराब केली, त्याची मला लाज वाटते.

ट्रॉलीवाला थांबला, तुरीत उतरून मला उठवलं. तो बोलत होता, मी नुसतं मान हलवत होतो. त्याला वाटलं डोक्याला मार लागलाय.

मी का जातो ते पण सांगतो. घरात सगळे बोलतात आणि माझ्याकडं बघून गप्प होतात, कारण मला सांगायचं म्हणजे दोनदा ओरडावं लागतं. सायकलवर कुणी माझ्याशी बोलायला बघत नाही. तिथं मी बहिरा नसतो.

तुझ्या सासूविषयी तू लिहिलंस, म्हणून एक गोष्ट सांगतो. शिवराजला पण ठाऊक नाही. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तिला सहावा महिना होता. वळसंगहून, तिच्या माहेराहून, मी तिला काळ्या सायकलच्या कॅरिअरवर बसवून आणत होतो. एसटीला गर्दी होती म्हणून मीच म्हटलं, चल, मी नेतो. कुंभारीच्या नाल्यापाशी चाक घसरलं. ती पडली. पाचव्या दिवशी पोटातलं गेलं. मुलगी होती. त्यानंतर चंद्रव्वा सायकलवर बसली नाही, आणि मला एका शब्दानं बोलली पण नाही. पेढ्याच्या आधी तिच्या तोंडात सायकल आली ती त्यामुळं.

मंजुनाथच्या तोंडून तिला माझं पडणं कळलं ते पण ऐक. तिनं हळद गरम करून कोपराला बांधली. एवढंच कानडीत म्हणाली, "साकु." पुरे झालं.

बसप्पा

---

सोलापूर,
२४ डिसेंबर २०२४

चि. सौ. श्रीदेवीस आशीर्वाद.

तेरा दिवस झाले, तुझं उत्तर नाही. असली गोष्ट दोन जिवांच्या बाईला लिहायची नव्हती. पत्र पेटीत टाकलं आणि पेटीपाशीच उभा राहिलो, परत काढता येतं का बघत. तू रागावली असशील तर रागव. पण भिऊ नको.

सायकल जिन्याखाली आहे. पत्र टाकलं त्या दिवसापासून बाहेर काढलेली नाही. हवा मात्र भरतो.

शिवराज फोनवर अंगणात जाऊन बोलतो. आत येऊन मला अंगठा दाखवतो, सगळं ठीक. मला कान नाहीत, डोळे आहेत. त्याचं तोंड ठीक नाही. तो शनिवारी तिकडं येऊन गेला तेव्हा मला कामाचं कारण सांगितलं. टॉवेलच्या कुठल्या ऑर्डरसाठी माणूस सांगोल्याला जातो?

दोन ओळी लिही. एक लिहिलीस तरी चालेल.

बसप्पा

---

सांगोला,
२९ डिसेंबर २०२४

आप्पा, नमस्कार.

मी बरी आहे. बाळ बरं आहे. हे आधी वाचा आणि मग बसून पुढचं वाचा.

चौदा तारखेला पाय सुजले, रक्तदाब वाढला. डॉक्टरांनी दवाखान्यात ठेवून घेतलं, दहा दिवस. तुम्हा दोघांना कळवायचं नाही असं मीच शिवराजला सांगितलं होतं. तेव्हा त्याच्यावर रागावू नका, अंगठा मी दाखवायला लावला होता. आता घरी आहे, डाव्या कुशीवर. उठायचं ते फक्त न्हाणीघरापर्यंत.

मी दवाखान्यात निघायच्या आदल्या दिवशी तुमचं पत्र आलं आणि बॅगेतून तिथं गेलं. तुमच्या गोष्टीनं मला भीती नाही वाटली. मला आत्याबाईंची आठवण आली. चार महिने मी त्यांच्याशी मनात भांडत होते. एक रात्रही त्यांना विचारावंसं वाटलं नाही की तुम्हाला सायकलचं एवढं काय आहे. ट्रॉलीवाल्याला वाटलं डोक्याला मार लागलाय, तिथं मात्र मी हसले आणि रक्तदाब मोजणाऱ्या नर्सनं मला दम दिला.

हायवेचा राग आहेच. तो उतरलेला नाही. पण सायकल जिन्याखाली ठेवू नका. मला दीड महिना या खोलीतलं छत बघायचंय. पंख्याला तीन पाती आहेत, त्यातल्या एकाला डाग आहे, एवढंच माझं जग. तुम्ही फिरा आणि मला लिहा. नगरातली ज्वारी लिहिलीत तशी लिहा, फक्त गावाचं नाव खरं घाला.

अटी तीन आहेत. हँडलला आरसा लावायचा. कानाच्या डॉक्टरकडं जायचं, पुढच्या वर्षी म्हणत चार वर्षं झाली. आणि आत्याबाईंना सांगून निघायचं. लपून नाही.

श्रीदेवी

---

सोलापूर,
१० जानेवारी २०२५

चि. सौ. श्रीदेवीस दोघांचे आशीर्वाद.

तुझी मागची दोन्ही पत्रं मी तुझ्या सासूला वाचून दाखवली. ऑगस्टचा भाग पण वाचला, गाळला नाही. आधी ती माझ्यावर चिडली, दवाखान्याचं लपवलं म्हणून, जसं काही मला ठाऊक होतं. मग आत गेली. बाहेर आली तेव्हा हातात एक पिवळा टॉवेल होता, कडेची वीण चुकलेला, कारखान्यातनं मी आणलेला. तिनं मशीनवर बसून त्याची बाह्या नसलेली बंडी शिवली. म्हणाली, "हे घातल्याबिगर दाराबाहेर पाय ठेवायचा न्हाय. लांबनं दिसाय पायजे." अख्ख्या सोलापुरात टॉवेल घालून सायकल चालवणारा मी एकटा असेन. घाम पण टिपला जातो.

आरसा मंजुनाथनं बसवला. मागचं सगळं दिसतं. इतकी वर्षं माझ्या मागं एवढं काय काय चाललं होतं.

कानाचं मशीन घेतलं. डाव्या कानाचं काही खरं नाही, उजव्यात बसतं. पहिल्या दिवशी भांडी पडली असं वाटून मी दचकून उभा राहिलो. तुझी सासू म्हणाली, "ही मी हाय, भांडी न्हवं." सायकलवर वारा मशीनमध्ये शिरतो आणि नुसता घोंगावतो, म्हणून वर टोपी ओढून घेतो. पण उतारावर पायडल थांबवलं तर मागच्या चाकातनं बारीक कुर्रर्र आवाज आला. मला वाटलं काहीतरी मोडलं. थांबून बघितलं, काही नाही. परत पायडल थांबवलं, परत आवाज. तो तिचा आवाजच आहे तर. एवढे दिवस ती बोलत होती. मी घरापर्यंत जमेल तिथं पायडल थांबवत आलो.

आता गावाचं नाव खरं घालतो. रविवारी वळसंगला गेलो, आतल्या रस्त्यानं. मंजुनाथ बरोबर होता, त्याच्या सायकलवर. वाटेत तो चहाला थांबू या म्हणाला आणि मला ते पहिल्या वेळी ऐकू आलं. जाऊन-येऊन पन्नासच्या आसपास झालं असेल. पाय दुखले नाहीत. ही सायकल स्वस्तातली आहे हे दुकानवाल्यानं तिला सांगितलेलं दिसत नाही.

कुंभारीच्या नाल्यावर आता मोठा पूल आहे. तिथं मी उतरलो, थोडा वेळ उभा राहिलो. घरी येऊन तुझ्या सासूला सांगितलं. तिनं विचारलं, "पाणी हाय का नाल्याला?" मी म्हटलं, न्हाय. मग तिनं ताट वाढलं.

बसप्पा

---

सांगोला,
२३ जानेवारी २०२५

ती. स्व. आप्पा आणि आत्याबाई,

फोनवर कळलंच असेल, तरी हातानं लिहायचं होतं. परवा सकाळी मुलगी झाली. रक्तदाबामुळं डॉक्टर थांबले नाहीत, ऑपरेशन केलं. अडीच किलोला जरा कमी, पण आवाज असा की आप्पांना मशीन लागणार नाही.

रविवारी शिवराज गाडी घेऊन येतोय. दोघं या.

श्रीदेवी

---

सोलापूर,
२९ जानेवारी २०२५

चि. सौ. श्रीदेवीस आणि चिमणीस आशीर्वाद.

तू बिछान्यातनं आधी मला बघितलंस, मग पिवळ्या बंडीवरची धूळ. तुझी आई पाणी आणायला गेली आणि आण्णा सायकल बघायला. मी आलो कसा, हे तेव्हा तुझं विचारायचं राहिलं, ते आता लिहून देतो.

गाडीत तिघांना जागा होती. पण शनिवारी मी चंद्रव्वाला म्हटलं, मी पुढं निघतो. तिनं बंडी धुवून वाळत टाकली. ती गाडीनं सावकाश निघणार आणि मी पहाटे फटफटल्यावर, असं ठरलं. शिवराज मधे पडायला गेला, त्याला तिनं बेडा, नको, म्हणून गप्प केलं.

सोलापूर मागं पडेपर्यंत थंडीनं बोटं आखडली होती. तिऱ्ह्यापर्यंत हलकं गेलं. कामतीपासून वारा समोरून. मी खालच्या शिंगात हात घातले, पायाला सांगितलं मोजत राहा. बेगमपूरला भीमेच्या पुलावर थांबून केळं खाल्लं. मंगळवेढ्याची ज्वारी बघितली, कणसं भरलीत, राखणदार गोफण फिरवत होते आणि एकानं मला पाखरू समजून गोफण उगारली. पिवळ्या बंडीचा परिणाम.

मंगळवेढ्याच्या पुढं मात्र पाय संपले. चढ मोठा नव्हता, पण सत्तर किलोमीटरनंतर छोटा चढ मोठा होतो. सगळ्यात हलका गिअर टाकला तरी चाक फिरेना. मी खाली उतरून कडेला बसलो. वाटलं, बसप्पा, एकोणसाठाव्या वर्षी कुणाला दाखवायला निघालास. आरशात बघितलं तर आपली गाडी येताना दिसली. शिवराजनं थांबवली, उतरून सायकल डिकीत घालायला हात लावला. चंद्रव्वा उतरली. तिनं त्याचा हात सायकलवरनं काढला. भाकरी आणि शेंगाचटणी मांडीवर घेऊन माझ्या शेजारी खाली बसली, धुळीत, नव्या लुगड्यासकट. मी खाल्लं. ती बघत बसली. मग विचारलं, "किती ऱ्हायलं?" मी म्हटलं, वीस. ती म्हणाली, "वीस म्हंजे काय लई न्हवं." आणि गाडी माझ्या मागं ठेवायला लावली. सांगोला येईपर्यंत आरशात गाडी होती आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून तुझी सासू. मागच्या ट्रकवाल्यांना ती हातानं बाजूनं जायला सांगत होती. मला एका पण ट्रकची भीती वाटली नाही.

सायकल तिथंच सोडून आलो ते विसरून नाही. ती तुझी आहे. मी काळीला तेल घातलंय. ती अजून विचार करूनच निघते.

बसप्पा

---

सांगोला,
६ एप्रिल २०२५

आप्पा, नमस्कार.

आत्याबाई आम्हाला न्यायला शुक्रवारी आल्या, मंगळवारी आम्ही तिघी सोलापूरला निघतोय. त्याआधी हे पत्र टाकते, म्हणजे आम्ही पोचल्यावर ते पोचेल आणि तुम्ही मला माझंच पत्र वाचून दाखवाल.

डॉक्टरांनी गेल्या आठवड्यात परवानगी दिली. आज सकाळी साडेसहाला, ऊन तापायच्या आत, सायकल बाहेर काढली. पोरगी दूध पिऊन जागी होती. आई म्हणाली, "इतक्यात कशाला?" आण्णा चपला शोधायला लागले, म्हणजे मागं चालत येणार होते. आत्याबाईंनी पोरीला माझ्या हातातनं घेतलं आणि म्हणाल्या, "सावकाश होगव्वा." जा बाई, सावकाश.

पहिले दोनशे मीटर मला वाटलं, हे अंग माझं नाहीच. पोटाशी टाके ओढल्यासारखे वाटले, मांड्या कापसाच्या. ब्रेकवरची तुमची खूण बोटाला लागली. मग बागांच्या रस्त्याला लागले. दोन्ही बाजूंना डाळिंबाची झाडं, काहींना लाल फुलं, मध्ये टँकर उभा, टँकरवाला दात घासत होता. एक मेंढरांचा कळप आडवा आला, त्यात मी थांबले आणि श्वास घेतला. पुढं जरा उतार आहे. पायडल थांबवलं. तुम्ही लिहिलेला तो आवाज मी दोन वर्षांत कधी नीट ऐकला नव्हता. तिथनं वळले. सगळे मिळून सहा किलोमीटर. माझ्या आयुष्यातली सगळ्यात हळू फेरी आणि मला ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून केस विंचरायच्या आधी लिहायला बसलेय.

परत आले तर आत्याबाई घरात नव्हत्या. फाटकाच्या बाहेर, पार डांबरी रस्त्याला लागून उभ्या होत्या, पदर डोक्यावर, ऊन तोंडावर. मी उतरून म्हटलं, "आत्याबाई, उन्हात कशाला उभ्या राहिलात?"

"पोरगी झोपत न्हवती," त्या म्हणाल्या.

पोरगी त्यांच्या खांद्यावर गाढ झोपली होती. तिची लाळ लुगड्यावर वाळून गेली होती.

तुमची
श्रीदेवी